बोटांनी केलेली घडी

ताईच्या दुकानात केस कापून, रंगवून मिळत आणि वर गावभरच्या बातम्या फुकट. तिचा धाकटा भाऊ व्यसनमुक्ती केंद्रातून परतला, ही बातमी मात्र खुर्चीत बसणाऱ्या बायकांनीच तिला सांगितली, जणू तो तिच्याच घरात राहत नव्हता! अंगानं तो इतका वाळलेला, की दाजी त्याला काडीपैलवान म्हणत.

ताईनं बजावलं होतं, "पुन्हा शिवलास, तर मी बहीण नाही नि तू भाऊ नाहीस. सामान रस्त्यावर."

बोलून ती थांबली नाही. घरातले लायटर गेले. स्वयंपाकघरातली फॉइल गेली, कारण फॉइलवर ब्राउन शुगरची पूड ठेवून, खालून तापवून तो धूर ओढायचा. दाजींच्या डब्यातल्या पोळ्या फॉइलऐवजी फडक्यात बांधल्या जाऊ लागल्या. "व्यसन मेहुण्याचं आणि पथ्य मला!" ते कुरकुरले.

दुकानात ताईनं त्याला बसून करायचं सोपं काम दिलं. पट्ट्या कापायच्या. केसांना रंग लावला की बटेभोवती ज्या चकचकीत पट्ट्या दुमडतात ना, त्या. इतकी वर्षं हाताळून ताईच्या लेखी ती फॉइल उरलीच नव्हती. कंगवा, टॉवेल, तशी पट्टी. म्हणजे मांजराला स्वयंपाकघरातून हाकललं आणि डेअरीत नोकरीला लावलं!

काडीपैलवानही गप्प बसला. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंसमोर त्यानं फॉइल हातात धरायचा सराव केला होता. आधी घाम फुटायचा, पुढेपुढे नुसता कंटाळा यायचा. आपण सुटलो, असं तो धरून चालला होता.

एका दुपारी बँकेतल्या बाई खुर्चीत होत्या. अर्धं डोकं पट्ट्यांत, तोंड मोकळं. "भावाचं लग्न का नाही उरकत? जबाबदारी पडली की येतात पुरुष ठिकाणावर."

"तुमचे आले का?" ताईनं विचारलं.

सगळ्या हसल्या. तोही हसला, आणि हसता हसता हातातली पट्टी चुरचुरली. तोंडाला कोरड पडली. दुकानात नसलेला वास नाकात शिरला. खाली पाहिलं, तर पट्टीला मधोमध पन्हळ पडली होती, पूड ठेवायला लागते नेमकी तशी. त्यानं ती केली नव्हती. बोटांनी केली होती.

मागच्या खोलीत जाऊन त्यानं फोन लावला. "डॉक्टर, मी परत तिथंच आलो का?"

"नाही. धूर आणि ती चुरचुर इतक्यांदा एकत्र आली, की मेंदूतल्या त्या पेशींमधले सांधे घट्ट झालेत. बंद केलं म्हणून ते उसवत नाहीत. उंदरांत तर दिसलंय, नशा सुटल्यावर काही कोवळे सांधे मागाहून पक्के होतात. तलफ उलट वाढू शकते ती त्यामुळे."

"मग तुमच्याकडचा सराव?"

"त्यानं नवे सांधे जुळले, जुन्यांना दाबून धरणारे. पण ते माझ्या खोलीत जुळले. दुकानात जुनंच आधी जागं होतं, तिथलं तिथंच शिकावं लागेल. एकट्यानं मात्र नाही. बहिणीला सांगा."

सांगा म्हणे! मागचं दार गल्लीत उघडत होतं आणि पूडवाला गल्लीच्या तोंडाशीच बसायचा. काडीपैलवानाचे पाय केव्हाच तिकडे वळले होते.

"ताई!" तो ओरडला.

ती रंगानं माखलेल्या हातमोज्यांनिशी आली. त्याच्या हातातल्या पट्टीची पन्हळ पाहिली आणि पांढरी पडली. "घेतलीस."

"नाही गं."

तिनं त्याची हनुवटी धरून तोंडाचा वास घेतला. बोटं उजेडात उलटीपालटी केली. काजळी नव्हती. "मग ही आणलीस कुठून?"

"तुझीच आहे. तूच दिलीस कापायला."

जिच्या जिभेपुढे अख्खी गल्ली गप्प, ती ताई स्टुलावर मटकन बसली. मग ताडकन उठली. "सगळी रिळं फेकते आत्ताच्या आत्ता."

"आणि जगातली? ती कोण फेकणार? मी कापतो. तू समोर बस."

"नाही जमलं तर?"

तो पुढे दुकानात जाऊन रिळापाशी बसला.

ताईनं बाईंचे केस धुऊन त्यांना वाटेला लावलं आणि त्याच्यासमोर येऊन बसली. त्यानं पट्टी कापली. कपाळावर घाम डवरला.

"तलफ आहे?"

"आहे."

त्यानं आणखी एक कापली.

"आता?"

"आहे अजून."

ताई त्याच्या बोटांवरची नजर काढेना. त्याच्या चेहऱ्याकडे बघायचा धीर तिला होत नव्हता.