ताईच्या नळाचं पाणी

सगळे त्याला बाटलीवाला म्हणत. बाटली म्हटलं की लोकांच्या डोक्यात भलतंच येतं, म्हणून बायकोला हे नाव मुळीच आवडत नसे. बिचारा आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता. नगरपालिकेच्या पाणीखात्यात नळांचे नमुने गोळा करणं हे त्याचं काम. खांद्याला बर्फाची पेटी, पेटीत निर्जंतुक बाटल्या. जंतू मरावेत म्हणून कापसाच्या पेटत्या बोळ्याने नळाचं तोंड भाजायचं, थोडं पाणी वाहू द्यायचं, बाटली भरायची, चिठ्ठी लावायची. इतक्या वर्षांत बाटलीच्या तोंडाला त्याचं बोट लागलं नव्हतं. याचा त्याला गर्व होता आणि तो रास्तही होता.

पण थोरल्या बहिणीच्या गल्लीने त्याचं डोकं पार फिरवलं.

गल्लीची तक्रार होती की पाणी लालसर येतं आणि त्याला ओल्या फडक्यासारखा वास येतो. अर्ज करण्यात ताईच पुढे, कारण तिच्या नातवाचं पोट सारखं बिघडत होतं. बाटलीवाल्याने आदल्या संध्याकाळी फोन केला, "ताई, उद्या सकाळी येतोय गं नमुना घ्यायला. शेजारणीलाही सांगून ठेव." सकाळी दोन्ही घरचं पाणी काचेसारखं निघालं. अहवाल आला, पिण्यास योग्य. गल्लीने पुन्हा अर्ज केला, त्याने पुन्हा फोन केला, तो पुन्हा गेला. पाणी पुन्हा काचेसारखं.

गल्ली म्हणायला लागली, कुठेतरी पाणी मुरतंय. साहेबांनी याचे हात ओले केले असणार. त्याला ते झोंबलं, पण ताईने फोनवर जे ऐकवलं ते जास्त झोंबलं.

"पोर तापाने फणफणलंय आणि तू कागदावर पाणी चांगलं म्हणून लिहितोस? सख्खा भाऊ ना रे तू? खरं लिहिता येत नसेल तर या घराची पायरी चढू नकोस."

"अगं, मी स्वतः वास घेतला…"

फोन बंद.

आता काय समजायचं माणसाने? ताई खोटं बोलणारी नव्हे. लहानपणी याने फोडलेल्या बरणीचा मारही तिनेच खाल्ला होता. प्रयोगशाळा खोटी नव्हे. आणि स्वतःचे डोळे? ते तर चेहऱ्यालाच चिकटलेले. तो घरी बसल्या बसल्या पेला हुंगू लागला, चहा हुंगू लागला. एकदा धुतलेला शर्ट हुंगताना बायकोने पाहिलं आणि विचारलं, "काय शोधताय?" त्यालाही ठाऊक नव्हतं. आपल्या नाकाला झालंय काय, की साऱ्या गल्लीला झालंय, या विचारात त्याला जेवण गोड लागेना.

शेवटी नातवाला दवाखान्यातून घरी आणल्याचं कानावर आलं, तेव्हा त्याला राहवेना. पायरी चढू नको म्हटलं तर म्हटलं. सुट्टीच्या सकाळी, फोन न करता, रिकाम्या हाताने तो ताईच्या दारात उभा राहिला. पोराजवळ जायचं म्हणून आधी हात धुवायला मोरीत शिरला. नळाने खाकरल्यासारखा आवाज केला आणि तळहातावर गंजाच्या रंगाचं पाणी पडलं. ओल्या फडक्याचा वास भपकन नाकात शिरला.

ताई धावत आली. "अरे थांब, थांब! ते नको घेऊस. बराच वेळ वाहू द्यावं लागतं."

"हे असं रोज येतं?"

"रोज. इतके दिवस मी काय ओरडतेय?"

"मग मी बाटली घेऊन येतो तेव्हा?"

ताईला प्रश्नच कळला नाही. "तेव्हा कसं येईल? तू येणार म्हणून आधीपासून नळ सोडून ठेवते ना. तोटी घासते, फडकं बांधून गाळते, तू दिसलास की फडकं काढते. कचेरीचा माणूस घरी येणार, त्यातून माझा भाऊ. तुझ्या बाटलीत मी घाण घालीन का? शेजारीण तर तोटीला लिंबू चोळते!"

तो मोरीच्या उंबऱ्यावर मटकन बसला. हसावं की कपाळ बडवावं, हेच त्याला समजेना. राग कुणावर काढायचा? फोन तर त्यानेच केले होते, तेही मोठ्या आपुलकीने.

दुसऱ्या दिवशी तो पेटी घेऊन न सांगता आला. ताईचा हात सवयीने घासणीकडे गेला.

"ताई, हात नको लावूस."

ती हात पदरात गुंडाळून उभी राहिली. त्याने तोटी भाजली, नियमाप्रमाणे थोडं पाणी सोडलं. ते लालच राहिलं. बाटली भरताना ताईने हळूच दार लोटून घेतलं, समोरच्यांना दिसू नये म्हणून. महिनोन्‌महिने कचेरीत भांडणारी बाई लाजेने लाल झाली होती.

"चिठ्ठीवर माझं नाव नको घालूस रे."

"नावाशिवाय घेत नाहीत, ताई."

आतून पोराचा कण्हण्याचा आवाज आला. ताईने दाराकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं.

"मग घाल. पण खाली लिही, घर स्वच्छ होतं."

चिठ्ठीवर तशी जागा नव्हती. त्याने कडेला बारीक अक्षरात लिहिलं, घर स्वच्छ होतं.