बुटाच्या नाड्या कोणी विकायच्या?

बाजाररस्त्यावरच्या जुन्या दुकानांचा विषय निघाला की माझ्या वयाची माणसं एकदम हळवी होतात. "काय ते दुकानदार, काय ती माणुसकी!" मला नाही येत असले उमाळे. मी त्या रस्त्यावर राहिलेय. निम्मी दुकानं अंधारी होती, छत्रीवाला गिऱ्हाइकावर खेकसायचा आणि कापडवाल्याचा मीटर सोयीप्रमाणे आखडायचा. माणुसकी होती, नाही असं नाही. पण दुपारी ती बहुधा झोपलेली असायची.

त्या रस्त्याला एक नियम मात्र होता. एकाचा माल दुसऱ्यानं ठेवायचा नाही. कागदावर कुठेही लिहिलेला नाही, पण सगळे पाळायचे. त्यामुळे टॉर्च एका दुकानात मिळायची आणि तिच्यात घालायचे सेल घड्याळवाल्याकडे. गिऱ्हाइकाला काय, फिरावं लागायचं. फिरायचं.

माझी मावशी या नियमाची कट्टर. आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही आणि वडिलांचं सुयाधाग्यांचं दुकान चालवलं. सगळा रस्ता तिला बटणमावशी म्हणायचा. दुकान कसलं, बोळ होता तो. दोन्ही भिंतींना छतापर्यंत खण आणि प्रत्येक खणाच्या दर्शनी बाजूला आतल्या बटणाचा एक नमुना शिवलेला. वर दोन खोल्या, तिथे आम्ही दोघी राहायचो. मी कॉलेजसाठी तिच्याकडे आले होते. अभ्यास करायचा तो दुकानात बसून, कारण वरचा दिवा जाळायचा म्हणजे तिच्या जिवावर यायचं.

समोर, रस्त्यापलीकडे, बुटांचं दुकान. त्याचे मालक जोडेवाले काका. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. उंच, थोडे वाकलेले, आवाज इतका हळू की बूट विकतायत की कुणाला गुपित सांगतायत, कळू नये.

या दोन दुकानांमध्ये एक जुना वाद होऊन गेला होता. बुटाच्या नाड्या कोणी विकायच्या? काकांचे वडील म्हणायचे, बूट आमचा तर नाडी आमची. मावशी तेव्हा नुकतीच गल्ल्यावर बसायला लागली होती. ती रस्त्यावरच्या सगळ्या दुकानदारांसमोर म्हणाली होती, "पायजम्याची नाडी माझ्याकडे, मग बुटाची का नाही? नाडी ती नाडी. कुठे बांधायची ते ज्याचं त्यानं बघावं." छत्रीवाल्यानं निवाडा दिला. नव्या बुटाबरोबर येते ती जोडी बूटवाल्याची, बाकी सुट्या नाड्या बटणमावशीच्या.

म्हणजे काकांच्या दुकानात कुणाला नुसती नाडी हवी असली तर त्यांनी गिऱ्हाइकाला समोर पाठवायचं. पण म्हातारे वारले, दुकान काकांच्या हाती आलं, आणि गिऱ्हाइकाला पाठवणं बंद झालं. काका त्याला बसवून स्वतः रस्ता ओलांडून यायचे. दुकानात दोन धडधाकट नोकर होते. त्यांच्यातला एकही कधी नाडीसाठी आला नाही.

"काय पाहिजे?" मावशी विचारायची.

"तपकिरी. गोल. जरा लांब."

मग ती मागून पेटी काढायची. सगळ्या नाड्या एका पत्र्याच्या पेटीत, रंगाप्रमाणे गुंडाळून ठेवलेल्या. काका एक उचलायचे, बोटात फिरवायचे, ठेवायचे, दुसरी उचलायचे. तेवढ्यात तिच्या गुडघ्याची चौकशी व्हायची, हवेवर बोलणं व्हायचं, कापडवाल्याच्या जावयाला नावं ठेवून व्हायची. तिकडे बिचारं गिऱ्हाईक एका पायात बूट घालून बसलेलं.

मी एकदा म्हटलं, "मावशी, एवढ्या नाड्या तुटतात तरी कशा गं या गावात?"

"तुझं पान उलट," ती म्हणाली.

मग कोपऱ्यावर ते तीन मजली दुकान आलं. एकाच छताखाली बूट, टॉर्च, सेल, बटणं, सगळंच. वर बुटांवर नाड्यांची जादा जोडी फुकट. आमच्या रस्त्याच्या नियमाला त्यांनी भीक घातली नाही, घालायचं कारणही नव्हतं. महिन्याभरात छत्रीवाल्यानं प्लॅस्टिकच्या चपला टांगल्या. ज्यानं निवाडा दिला तोच पहिला फुटला.

मावशीला बटणांची फार काळजी नव्हती. एक बटण हरवलं म्हणून तीन जिने चढणारं माणूस अजून जन्मायचं होतं. तिचा जीव समोरच्या दुकानात अडकला होता. काकांच्या काचेआडच्या खुर्च्या रिकाम्या दिसायला लागल्या तशी ती सुपारीएवढी बटणं मोजताना चुकायला लागली.

"गिऱ्हाईक एकदा खुर्चीत बसलं की त्याला सगळं तिथंच मिळालं पाहिजे," ती मला म्हणाली. "हे उठून माझ्याकडे येतात, आणि तो तिकडे कंटाळून कोपऱ्यावर जातो. माझ्या नाड्यांपायी त्यांचा धंदा बसतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं ती पत्र्याची पेटी उचलली आणि रस्ता ओलांडला. मी मागोमाग. काका बूट पुसत होते. मावशीनं पेटी त्यांच्या काउंटरवर ठेवली. आता ती ठेवली की आदळली, यावर पुढे बरंच काही अवलंबून होतं. मी होते तिथे, मी सांगते. आदळली. जड होती.

"या आजपासून तुमच्या," ती म्हणाली. "मला नकोत."

काकांनी पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बरं," ते म्हणाले.

झालं. एवढंच बोलणं. ती परत येताना खुशीत होती. माणसानं मोठा त्याग केला की त्याच्या चालीत एक ऐट येते, तशी ऐट होती तिची. गुडघासुद्धा दुखत नव्हता.

काका त्या दिवशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. "गिऱ्हाईक वाढलं असेल," मावशी म्हणाली. पण काच समोरच होती आणि काचेआड कुणीही नव्हतं. काका होते, रस्त्याकडे पाठ करून बसलेले. आठवडा गेला तशी मावशी उगाचच मला बोलायला लागली. माझी वेणी वाईट, अक्षर वाईट, वाचताना ओठ हलतात.

शेवटी मी चपलेचा अंगठा तुटल्याचं निमित्त करून समोर गेले. काकांनी चप्पल हातात घेतली आणि तिच्याकडेच बघत म्हणाले, "तुझ्या मावशीला माझ्या येण्याचा त्रास होत होता का गं? सरळ सांगायचं. पेटी कशाला आणून आदळायची?"

"अहो काका, तुमचं गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून दिली तिनं!"

त्यांनी तुटका अंगठा ओढून पाहिला. "असेल," म्हणाले. पण त्यांचा विश्वास बसला नव्हता.

"मग या ना तुम्ही. बटण घ्यायला या."

"माझी सगळी बटणं शाबूत आहेत," काका म्हणाले. अगदी गंभीरपणे. शर्टाकडे बघून खात्रीही करून घेतली.

मी घरी येऊन मावशीला फाडफाड सांगितलं. "त्यांना वाटतंय तू त्यांना हाकललंस."

ती स्टुलावर बसली. "मी?"

"मग काय मी? जा आणि सांग त्यांना, येत जा म्हणून."

"येत जा? कशासाठी?" ती माझ्यावर उखडली. "काम नसताना दुसऱ्याच्या दुकानात जाऊन बसतं का कुणी? लोक काय म्हणतील ते राहू दे, ते स्वतः काय म्हणतील? येण्याचं कारण होतं ते मीच उचलून त्यांच्या काउंटरवर ठेवून आले. अक्कल गहाण टाकली होती माझी."

त्या पिढीचं हे असं होतं. सबंध रस्त्याला जे दिसत होतं ते या दोघांना दिसायला चार आण्याची नाडी लागायची. मला इतका राग आला की मी जेवलेसुद्धा नाही. म्हणजे उशिरा जेवले.

दोन-तीन दिवसांनी कॉलेजातून आले तर दुकानाला कुलूप. बटणमावशीच्या दुकानाला भरदुपारी कुलूप! समोर पाहिलं, तर मावशी काकांच्या दुकानात खुर्चीवर बसलेली, आणि काका खाली स्टुलावर बसून तिच्या पायाचं माप घेतायत. जन्मभर सपाट चपलांत वावरलेली माझी मावशी तपकिरी, नाडीचे, मास्तर घालतात तसले बूट घालून रस्ता ओलांडून आली. साडीखाली ते असे दिसत होते की कापडवाला दारात येऊन उभा राहिला.

"काय बघतोस?" तिनं त्याला विचारलं. "गुडघ्याला बरे असतात."

आठवडा झाला नाही तोच नाडी तुटली. ती समोर गेली, बराच वेळ बसली, नवी नाडी घालून आली. चार दिवसांनी दुसऱ्या बुटाची तुटली. मग एका संध्याकाळी मी जिन्यावरून उतरत होते. मावशी पाय स्टुलावर घेऊन वाकली होती आणि कापड कापायच्या कात्रीनं तिनं बुटाची नाडी कच्चकन कापली. मग वर मान करून पाहिलं तर मी.

"चहा टाक," ती म्हणाली.

मी टाकला. दोन कप आणून ठेवले आणि म्हटलं, "तुटलेली नाडी झिजून तुटते, मावशी. टोकाला धागे सुटतात. ही सरळ कापलेली दिसते. जोडे विकणाऱ्या माणसाला कळणार नाही होय?"

तिनं टोक पाहिलं. पहिल्यांदाच पाहिलं बहुतेक. आणि चक्क लाजली. पन्नाशीला टेकलेली बाई लाजली की बघणाऱ्यानंच दुसरीकडे बघावं, तसं मी बघितलं.

म्हणून ती दुसऱ्या दिवशी गेलीच नाही. उरलेल्या अर्ध्या नाडीची गाठ मारून बसली. दुपारी काका आले. हातात पत्र्याची पेटी. ती त्यांनी काउंटरवर अगदी हळू ठेवली, अंड्यांची टोपली ठेवावी तशी.

"आमच्याकडे या टिकत नाहीत, बाई," ते म्हणाले. "तुमच्याकडे होत्या तोवर एक तुटल्याचं ऐकलं नाही."

माझी मावशी बिलंदर. क्षणभरही न अडखळता म्हणाली, "तुमच्या काचेतून ऊन येतं. उन्हानं सूत कुजतं."

"तसंच असणार," काका म्हणाले. त्यांचं लक्ष तिच्या पायाशी होतं, त्या गाठीकडे. "तुमच्याकडेच राहू देत. मी येऊन नेत जाईन."

"गिऱ्हाईक जाईल तुमचं."

"जाऊ दे. ज्याला पाच मिनिटं बसवत नाही त्याला बूट तरी काय चांगले बसणार?"

पाच मिनिटं! मी पुस्तकात तोंड खुपसलं.

आता हे सांगून मी असं म्हणत नाही की कोपऱ्यावरचं दुकान हरलं. ते नाही हरलं. काही वर्षांनी काकांनी निम्मी जागा औषधवाल्याला दिली, नोकर एकच ठेवला, आणि फक्त कामगारांचे जाड बूट ठेवायला लागले. ते चालले, बेताचे. नाड्यांनी कुणाचा धंदा तारला नाही आणि बुडवलाही नाही. त्या दोघांचं लग्नही झालं नाही. मी एकदा तोंडावर विचारलं तेव्हा मावशी म्हणाली, "तुझं झालं ना? मग पुरे."

तपकिरी बूट तिनं शेवटपर्यंत घातले. ते तिला चावायचे, मला माहीत होतं.

नोकरी लागून मी तिथून गेले, पण सुट्टीत जायची. पुढे काकांना रस्ता ओलांडायला वेळ लागायचा. पलीकडे कडेला उभे राहायचे, एक हात वर करायचे, गाड्या जाऊ द्यायचे. मावशीला ते तिच्या स्टुलावरून दिसायचे. ते निम्म्यात येईतो तिनं पेटी काढून, झाकण उघडून, पदरानं काउंटर पुसून ठेवलेला असायचा.

आणि ते उंबऱ्यात आले की चष्म्यावरून बघत विचारायची, "काय पाहिजे?"