एमलिन प्रॉसरचा नाताळचा मासा

एमलिन प्रॉसर मूळचा नळ दुरुस्त करणारा. वेल्समधल्या स्वॉन्सी गावात निम्म्या लोकांच्या मोऱ्या त्याने तुंबल्यावर मोकळ्या केल्या होत्या, आणि उरलेल्या निम्म्यांच्या म्हणे त्यानेच तुंबवल्या होत्या. मग त्याची आत्या वारली आणि जाताना भाच्याला थोडी माया ठेवून गेली. शहाण्या माणसाने त्यात घराचं छप्पर शाकारलं असतं. एमलिनने जुनी शिडाची बोट घेतली, तिचं नाव 'मॉड्रिब', म्हणजे त्यांच्या वेल्श भाषेत आत्याच, असं ठेवलं, आणि बायको आणि मुलीला घेऊन समुद्र ओलांडून आमच्या कॅरिअकू बेटावर आला. आत्याबाईला मिशा असत्या तर काय झालं असतं ते देव जाणे. या आत्याबाईला शिडं होती आणि ती जागोजागी गळत होती.

दर डिसेंबरला 'मॉड्रिब' टिरेल बेच्या खाडीत नांगर टाकून उभी राहायची. खाडीत अशा पाहुण्या बोटी खूप. नाताळ जवळ आला की त्यांच्या दोऱ्यांवर दिवे चढतात, माणसं घामाने निथळत लोकरीच्या लाल टोप्या घालतात आणि बोटीतल्या वीतभर भट्टीत डुकराची अख्खी तंगडी मावत नाही म्हणून एकमेकांकडे करवत मागत फिरतात. नाताळच्या आदल्या दिवशी सगळ्या बोटी मिळून किनाऱ्यावर जेवण करतात. प्रत्येकाने काहीतरी करून आणायचं. एमलिन आणायचा मासा.

मासाही साधासुधा नाही. हातभर लांबीचा, ताजा, 'स्वतः धरलेला'. त्या सकाळी एमलिन छोटी होडी घेऊन एकटाच खाडीच्या टोकाच्या टेकाडामागे जायचा आणि दुपारी छाती फुगवून परत यायचा. मग झुंजीचं वर्णन. दोरी कशी ताणली, मासा कसा खाली गेला, होडी कशी कलली. उवे नावाचा एक म्हातारा जर्मन दंतवैद्य शेजारच्या बोटीवर राहायचा. तो हे पुराण दरवर्षी तोंड उघडं टाकून ऐकायचा. अख्ख्या जन्मात दुसऱ्यांची तोंडं उघडी बघितली, आता स्वतःचं उघडून बसण्यात त्याला सुख होतं.

खरी गोष्ट अशी, की एमलिनच्या गळाला आजवर एक जुनी चप्पल सोडून काही लागलेलं नव्हतं. टेकाडामागे कथबर्ट नावाचा कोळी बर्फाच्या गोणीत मासा घेऊन त्याची वाट पाहत बसायचा. एमलिन त्याच्या होडीचं इंजिन ठीकठाक करून द्यायचा, कथबर्ट मासा द्यायचा, आणि दोघं एक एक घोट जॅक आयर्न घ्यायचे. ही आमच्याकडची रम, हिच्यात बर्फसुद्धा बुडतो. गुपितं बुडायला हरकत नव्हती. सात वर्षं हा व्यवहार चालला, आणि कुणाला कळलं नाही अशी एमलिनची पक्की समजूत होती.

या माणसाला एकच हाव होती. आमच्या बेटावर नाताळाआधी गाण्यांची चढाओढ लागते. प्रत्येक वाडीची मंडळी फिडल, लोखंडी सळई आणि ढोल घेऊन येतात आणि वर्षभरात ज्याने ज्याने शेण खाल्लं त्याच्यावर नाव घेऊन गाणं म्हणतात. कुणाची शेळी कुणाच्या खाटेखाली सापडली, कोण कुणाच्या खिडकीतून उतरताना पडलं, सगळं. पोलीस सुटत नाही, पाद्री सुटत नाही. डिसेंबर लागला की अर्धं गाव देवाला नवस बोलतं की यंदा आपलं नाव नको.

एमलिनला मात्र आपलं नाव हवं होतं. सात वर्षं तो दर खेपेला पुढच्या बाकावर बसायचा आणि दरवर्षी कोरडाच परतायचा. बोटवाल्यांवर कुणी गातच नव्हतं. पाहुण्यांवर काय गाणार? वाऱ्याबरोबर आले, वाऱ्याबरोबर गेले.

यंदाचा डिसेंबर शेवटचा होता. मुलगी नेस्टा पंधरा वर्षांची झाली होती आणि तिला चार भिंतींची शाळा आणि दार लावता येणारी खोली हवी होती. बायको डेलिथला हाताने पंप न मारता पाणी जाणारा संडास हवा होता. दोघींचं म्हणणं रास्त होतं, म्हणून एमलिननेच डोलकाठीला 'विकणे आहे'ची पाटी बांधली. "इतकी वर्षं राहिलो इथे," तो डेलिथला म्हणाला, "आणि उद्या गेलो तर विचारणारं कुत्रं नाही."

"कुत्री विचारतील रे," डेलिथ म्हणाली. "हाडं तूच टाकतोस त्यांना."

तेव्हा एमलिनने ठरवलं, की गाणं मिळत नाही तर मिळवायचं. धक्क्यावर ऑर्डेलिया नावाची बाई पाव विकायची. तिच्या हातचा पाव आणि तिची जीभ, दोन्ही भट्टीतून थेट बाहेर. टिरेल बेच्या गाणाऱ्या मंडळींची म्होरकी तीच. एका सकाळी ऐन गर्दीत, तिच्या डोळ्यांदेखत, एमलिन डुकराची तंगडी खांद्यावर घेऊन चालत आला आणि धक्क्यावरून धाडकन पाण्यात पडला. तंगडीसकट. लोकांनी त्याला वर ओढलं, तंगडीलाही ओढलं, आणि आपापल्या कामाला लागले.

एमलिन टपटप गळत ऑर्डेलियापुढे उभा राहिला. "काय मिस ऑर्डेलिया, बघितलंत ना? केवढी फजिती झाली माझी!"

"बघितलं, कॅप्टन." सगळ्याच बोटवाल्यांना ती कॅप्टन म्हणायची, नावं लक्षात ठेवायच्या भानगडीत पडत नसे. "उडी छान मारलीस."

"उडी नाही हो, पडलो मी!"

"पडणारा माणूस आधी घड्याळ काढून काठावर ठेवत नाही. हे बघ, गाणं मागून मिळत नसतं. ज्याची माणसाला खरी लाज वाटते ना, तेवढंच गातो आम्ही. हा घे पाव, आणि बाजूला हो, माझे पाव भिजवशील."

एमलिन हिरमुसला. पण चढाओढीच्या दोन दिवस आधी त्याच ऑर्डेलियाने पाव बांधता बांधता सहज विचारलं, "शुक्रवारी येणार ना, कॅप्टन? पुढे बस. बायकोलाही आण."

झालं! एमलिनला स्वर्ग दोन बोटं उरला. बाईने तंगडीचं मनावर घेतलं म्हणायचं! त्याने बिनतारी यंत्रावरून खाडीतल्या सगळ्या बोटींना आवतण दिलं, एक मिनीबस ठरवली, आणि उवेसकट झाडून सगळ्यांना चढाओढ व्हायची त्या हिल्सबरो गावातल्या टेनिस कोर्टावर आणून पुढच्या रांगांत बसवलं. स्वतःच्या वरातीला एवढे वऱ्हाडी कुणी स्वतः गोळा केले नसतील.

टिरेल बेची मंडळी उभी राहिली. फिडल किंचाळलं, सळई वाजली. ऑर्डेलियाने पदर खोचावा तसा घागरा वर खोचला आणि थेट एमलिनकडे बोट केलं.

*"एमलिन प्रॉसर दर्यावर्दी, गळ टाकतो पाण्यात,*
*मासा त्याचा पोहत येतो कथबर्टच्या गोण्यांत!"*

एमलिनचं हसू होतं तिथेच थिजलं. कोर्टावर हास्याचा स्फोट झाला. कथबर्ट मागे ढोल बडवत होता आणि मान वर करायला तयार नव्हता.

*"बर्फ चिकटला शेपटाला, पाणी गळतं कल्ल्याला,*
*'झुंज झाली', सांगत सुटतो दिसेल त्या त्या खुळ्याला!"*

हे दिसेल ते खुळं कोण, हे उवेला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने तोंड मिटलं. एमलिनला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सात वर्षांची अब्रू, आणि तीही स्वतःच्या खर्चाने मिनीबसमधून आणलेल्या लोकांसमोर. उठून पळावं म्हणून तो बाकावरून सरकला, तोच फिडल हळू झालं. ऑर्डेलियाचा आवाजही उतरला.

*"जाऊ नको रे एमलिनबाबा, बोट विकून घरला,*
*आमचा शिळा मासा मग लावू कुणाच्या गळाला?"*

सगळं कोर्ट ती ओळ पुन्हा पुन्हा म्हणू लागलं. एमलिन मधल्यामध्ये अवघडून उभा. त्याला आत्ता कुठे जाणवलं, की या बाईला आपलं नाव येतं. आडनावासकट.

त्याने भीतभीत बायकोकडे बघितलं. डेलिथ डोळे पुसत होती, हसून हसून.

"तुला... तुला ठाऊक होतं?"

"एमलिन," ती म्हणाली, "पहिल्या वर्षीचा मासा तू आणलास ना, तो पोट साफ केलेला होता. आतडी काढून, धुऊन. गळाला लागायच्या आधी मासे अंघोळ करून येतात होय रे?"

"मग बोलली का नाहीस?"

"मासा चांगला होता," डेलिथ म्हणाली. नेस्टा बापाला ढकलत म्हणाली, "नाच ना बाबा, सगळे थांबलेत." मग तो नाचला. नळवाला नाचतो तसा, कमरेतून वाकून.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धक्क्यावर पाव आणायला गेला. तोंड लपवत गेला, पण कथबर्टने होडीतूनच हाळी दिली, "एमलिन! यंदा साफ करून देऊ, की खऱ्यासारखा दिसायला तसाच?" अख्खा धक्का खिदळला. एमलिनने कानाला हात लावून "तसाच!" म्हणून ओरडून सांगितलं.

ऑर्डेलियापाशी एक नवीन बोटवाला उभा होता, कालच आलेला, नव्याकोऱ्या टोपीतला. त्याने विचारलं, "हा कोण हो?"

ऑर्डेलियाने पावावरचा फडका उचलला. "तो? तो आमचा खोटारडा. हां, तुझे किती पाव, कॅप्टन?"

एमलिनने गरम पाव छातीशी धरला आणि होडीत उतरला. बोटीपर्यंतची वाट जराशीच, पण तो ती संपेपर्यंत रडत होता. 'मॉड्रिब'च्या कठड्याशी डेलिथ उभी होती. तिच्या डोक्यावर 'विकणे आहे'ची पाटी वाऱ्यावर हलत होती, आणि ती पाटी काही उतरणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

"काय झालं रे? काय म्हणाली ती?"

"खोटारडा म्हणाली मला," एमलिन नाक ओढत म्हणाला. "आमचा खोटारडा."

डेलिथने पाव मोडला आणि मोठा तुकडा त्याच्या हातात दिला.