खाऱ्या पाण्यातले शेजारी

कंट्रोलरकाका दर रविवारी सकाळी अंगणात बादलीभर समुद्र कालवायचे. गाळलेल्या पाण्यात मापाने समुद्री मीठ टाकायचं, प्लॅस्टिकच्या लांब चमच्याने ढवळत राहायचं आणि शेवटी करंगळी बुडवून जिभेला लावायची. खारटपणा मोजायचं काचेचं साधन त्यांच्याकडे होतं, त्यातूनही ते बघायचे. पण पहिला मान जिभेचा. गंमत अशी की तोपर्यंत त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता. जन्म चंद्रपूरचा, नोकरी गडचिरोलीची, सासुरवाडी वडसा. समुद्र लागावा असं वाटेत काहीच नव्हतं.

ते बसस्टँडवर कंट्रोलर होते. माइकवरून गाड्या पुकारायचे. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची गाडी कुठवर जाईल आणि कुठून परत फिरेल, हे ठरवण्यात त्यांची उमर गेली. निवृत्त झाल्यावर ते चंद्रपूरच्या घरी परत आले. त्याच घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही भाड्याने राहायचो. माझे यजमान पाटबंधारे खात्यात, नेमणूक मुलचेऱ्याला. ते शनिवारी यायचे, सोमवारी पहाटे जायचे. मी तिथल्या कॉलेजात शिकवायचे. काकू आम्ही येण्याआधीच वारल्या होत्या. एकुलती मुलगी नाशिकला. त्यामुळे खाली काका, वर मी, आणि काकांच्या बैठकीत ती काचेची लांबलचक टाकी.

टाकीचा उगम दाताच्या दवाखान्यात होता. काका कवळी बसवायला नागपूरला गेले होते. तिथल्या डॉक्टरांनी बाहेरच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी ठेवली होती, आणि तिच्यात मासे कमी, प्रवाळ जास्त. काकांचा नंबर आला, पुकारा झाला, तरी ते उठले नाहीत. आयुष्यभर दुसऱ्यांना पुकारणारा माणूस, स्वतःचं नाव त्याला ऐकू आलं नाही. कवळी बसल्यावरही ते दोनदा, "थोडी टोचून राह्यली," असं सांगून नागपूरला गेले. कवळी टोचत नव्हती.

प्रवाळ म्हणजे अंगठीतलं पोवळं एवढंच मला माहीत होतं. काकांच्या टाकीत ते जिवंत होते. कुणी हाताच्या पंज्यासारखे, कुणी कुत्र्याच्या छत्रीसारखे, कुणी शर्टाच्या बटणांएवढे, हिरवे नि केशरी. त्यांची इंग्रजी नावं काकांना पाठ होती, पण घरात त्यांनी आपली नावं ठेवली होती. एक सारखी मुठी उघडमीट करायची, ती टाळीवाली. बटणांचा ताटवा म्हणजे बटणवाले. एक जाडजूड, पिवळट, चामड्यासारखा, तो कातड्या. आणि एक हिरवी, गवतासारखी दगडावर पसरत जाणारी, तिचं नाव अतिक्रमण.

पहिल्या दिवशी मी म्हटलं, "किती शांत वाटतं हो काका हे बघून."

"शांत?" काका म्हणाले. "ताई, हे बसस्टँडपेक्षा वाईट आहे. ही छत्री बाजूवालीले डसते. कातड्या पाण्यात असं काही सोडते का दुसरा वाढतच नाई. आणि ही टाळीवाली दिसते गरीब, पण सहा महिन्यांत दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते. हे इथी लढून राह्यले, आपल्याले आवाज येत नाई एवढंच."

मग ते कुणाला कुठे ठेवलं आणि काऊन, म्हणजे का, ते समजावून सांगायचे. अतिक्रमणला वेगळा दगड, चहूकडून वाळू. वाळू ओलांडता येत नाही. छत्र्या खाली, सावलीत. टाळीवाली एका टोकाला, कातड्या पाण्याच्या धारेच्या शेवटी, म्हणजे त्याचं सोडलेलं विष इतरांवरून न जाता थेट गाळणीत जाईल. दोघांच्या मध्ये नेहमी वीतभर मोकळी जागा. "जागा ठरवून देल्ली का अर्धं भांडण सरते," हे त्यांचं आवडतं वाक्य. "उरलेलं अर्धं?" मी एकदा विचारलं. "ते पाहात राहायचं," काका म्हणाले. बटणवाल्यांना हात लावायची मात्र कुणालाच परवानगी नव्हती. त्यांच्या अंगात जहर असतं. काका स्वतः रबरी मोजे आणि चष्मा घातल्याशिवाय तिथे हात घालत नसत.

गाळणीत कोळसा लागायचा, नारळाच्या करवंटीचा, पाण्यातलं विष शोषणारा. तो पार्सलने यायचा. कोळशाच्या खाणींच्या चंद्रपुरात बाहेरून कोळसा मागवणारा हा एकच माणूस, असं पोस्टमन म्हणायचा, आणि काका दर वेळी तितकंच हसायचे.

एकदा मुंबईकडच्या एका विक्रेत्याचा फोन आला. दगडासारखा सांगाडा असलेले प्रवाळ आहेत, रंग बघाल तर वेडे व्हाल, पाठवू का? तसले प्रवाळ समुद्रातून काढायला नि ठेवायला कायद्याने बंदी आहे. काकांचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा, म्हणून मी ते बोलणं जिन्यात ऐकलं. "भाऊ, ते वाघाच्या यादीत आहेत," काका म्हणाले. "इथी खरा वाघ गावाच्या बाजूनं फिरून राह्यला, त्याले आम्ही घरात आणत नाई. तुमचा काऊन आणू?" टाकीतले दगडही त्यांनी सिमेंटचे, घरीच ओतलेले होते.

पुढे मुलीने त्यांना आग्रहाने कोकणात नेऊन समुद्र दाखवला. ते परत आल्यावर मी मोठ्या उत्सुकतेने विचारलं. काका म्हणाले, "पाणी लई आहे. पण दिसत काहीच नाई." आणि टाकीची काच पुसायला लागले.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मला मुलगी झाली. दिवस भरायच्या आधी झाली, वजन कमी. माझी आई नव्हती, म्हणून बाळंतपणाला सासूबाई कुरखेड्याहून आल्या. धानाच्या शेतात उभं आयुष्य काढलेली बाई. काकांची टाकी बघून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, हे खाता येते का?"

"नाई जी."

"मंग?"

"मंग काही नाई. जिते आहेत. पाहाचं."

सासूबाईंनी बराच वेळ टाळीवालीकडे पाहिलं. "हिचे हात दुखत नसतील का?" असं म्हणून त्या वर आल्या. पण त्यानंतर त्या रोज दुपारी एकदा खाली जाऊन बघून यायच्या.

मे महिन्यात एका संध्याकाळी मोठं वावधान सुटलं. पाऊस चार थेंब, वाराच फार. झाडं पडली, तारा तुटल्या, आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. रात्र गेली, सकाळ झाली, वीज आली नाही. चंद्रपूरचं मे महिन्यातलं ऊन ज्याने काढलंय त्याला सांगायला नको. नऊ वाजताच वरच्या मजल्याचं छत तापायला लागतं. बाळ आधी किरकिर करत होतं, मग किरकिर थांबली. अंग गरम, डोळे मिटलेले, दूध ओढेना. यजमान मुलचेऱ्याला; वाटेत झाडं आडवी पडलेली, ते निघाले होते पण कधी पोहोचतील सांगता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "उन्हातून आणण्यात जास्त धोका आहे. आधी गारव्यात ठेवा, ओल्या कपड्याने पुसत राहा, थेंब थेंब दूध पाजा. तासाभरात फरक पडला नाही तर मात्र लगेच घेऊन या." गारवा आणायचा कुठून?

काकांच्या घरी इन्व्हर्टर होता. तो टाकीसाठीच घेतलेला. रात्रभर टाकीचा पंप आणि पंखे चालवून बॅटरी निम्म्यावर आली होती. हे मला माहीत होतं, म्हणून मी गप्प होते. सासूबाई गप्प बसल्या नाहीत. त्या जिना उतरल्या, मी बाळाला घेऊन दारात उभी होते.

"भाऊ, पोरीले कूलर पायजे," त्या म्हणाल्या. "तुमची लाइट वर द्या."

काका टाकीशी उभे होते. हातात तांब्या, पाणी वर उचलून परत सोडत होते, त्यात हवा मिसळावी म्हणून. त्यांनी टाकीकडे बघितलं, थर्मामीटर बघितला. मला वाटलं, ते नाही म्हणणार. आणि म्हणाले असते तरी मी त्यांना दोष दिला असता की नाही, आजही सांगता येत नाही. आठ वर्षं त्यांनी ती टाकी सांभाळली होती.

"दूध पिऊन राह्यली का?" त्यांनी विचारलं.

"नाई. सकाळपासून नाई."

काकांनी तांब्या खाली ठेवला. भिंतीवरची बटणं एकेक करून बंद केली. पंप थांबला. त्या घरात चोवीस तास असणारी घरघर बंद झाल्यावर किती सुनं वाटलं, ते लक्षात राहिलंय. मग त्यांनी वायरचं भेंडोळं काढलं, जिन्याच्या कठड्यावरून वर ओढलं. प्रवाळांसाठी फ्रीजमध्ये गोठवून ठेवलेल्या बर्फाच्या बाटल्या होत्या. त्याही सगळ्या पिशवीत भरून वर आणल्या आणि कूलरच्या पाण्यात सोडल्या. एकही मागे ठेवली नाही. मी काहीतरी बोलायला गेले. "दार लोटून घे, हवा जाते," एवढंच म्हणून ते खाली गेले.

खोली हळूहळू निवली. सासूबाई ओल्या फडक्याने बाळाचं अंग पुसत होत्या, मी चमच्याने दूध जिभेवर सोडत होते. पाऊण तास गेला असेल, बाळाने तोंड हलवलं. मग रडली.

खाली काका पुन्हा तांब्याने पाणी हलवत होते. दुपारपर्यंत टाकीचं पाणी कोमट झालं. आधी टाळीवालीच्या मुठी थांबल्या, मग ती विरघळल्यासारखी झाली. प्रवाळ मेला की त्याने पाणी नासतं, आणि नासलेलं पाणी बाकीच्यांना मारतं. काका मेलेले काढत होते, पण टाकी एवढी मोठी, आणि ते एकटे. सासूबाई बघायला खाली गेल्या आणि तशाच वर आल्या. स्वयंपाकघरातला नवा माठ त्यांनी रिकामा केला आणि कडेवर घेऊन खाली नेला.

"यात ठेवा भाऊ. यात गार राह्यते."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मग साठवणीतलं ताजं खारं पाणी माठात ओतलं, माठावर ओलं पोतं गुंडाळलं, आणि जे वाचण्यासारखे वाटले ते दगड आत सोडले. जागा कमी होती. आयुष्यभर वीतभर अंतर राखलेले सगळे आता एकमेकांना खेटून होते.

वीज आली दुसऱ्या दिवशी. माठातून जिवंत निघाला तो कातड्या आणि बटणवाल्यांचा एक लहानसा तुकडा. बाकी सगळे गेले. काकांनी मोजे घालून टाकी रिकामी केली, अंगणात खड्डा खणून सगळं पुरलं. वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला होता. शेजारी नाकाला पदर लावून विचारायचे, तर काका म्हणायचे, "लाइट गेल्ती ना." त्यापलीकडे कधी काही सांगितलं नाही. माठाच्या बाहेरून मिठाचा पांढरा थर फुटून आला होता. सासूबाईंनी तो माठ परत मागितला नाही.

बारशाला काका आले. सासूबाईंच्या मनात नाव पक्कं होतं : सागरिका. ज्यांच्यामुळे पोर वाचली त्यांच्या समुद्रावरून. त्यांनी भर मांडवात ते बोलून दाखवलं. काकांचा चेहरा उतरला.

"बाई, तसं करू नका," ते म्हणाले. "पोरीनं जल्मभर कोणाचे उपकार नावात घेऊन फिरायचं काऊन? तिले काही सांगूही नका. साधं नाव ठेवा."

सासूबाई नाराज झाल्या, पण ऐकलं. मुलीचं नाव अनघा ठेवलं.

काकांनी टाकी पुन्हा उभी केली, सावकाश, एकेक दगड मांडत. नागपूरचे ते दातांचे डॉक्टर तुकडे देत गेले. नवी टाळीवाली आणली तेव्हा तिचं नाव मात्र त्यांनी ठेवलं नाही. तीन वर्षांनी यजमानांची अमरावतीला बदली झाली. सामानाचा ट्रक निघाला, तेव्हा काका फाटकाशी उभे होते. मी पाया पडले. त्यांनी अनघाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि मग ड्रायव्हरला वाट सांगितली : कुठे पूल अरुंद आहे, कुठे जेवायला थांबायचं, कुठे थांबायचं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मुलीचा नाशिकहून फोन आला. काका झोपेतच गेले. टाकी नागपूरचे डॉक्टर घेऊन गेलेत, म्हणाली. मी फोन ठेवला. अनघा तिथेच अभ्यास करत बसली होती. आता दुसरीत आहे.

"कोण गेलं आई?"

"आपण चंद्रपूरला राहायचो ना, तिथे खाली एक काका होते."

"ते काय करायचे?"

मग मी तिला कातड्याचं सांगितलं, अतिक्रमणाच्या वाळूचं सांगितलं, मुठी उघडमीट करणारीचं सांगितलं. कोण कोणाला डसतं आणि म्हणून कुणाला कुठे ठेवायचं, सगळं. ती वही मिटून ऐकत होती. त्या उन्हाळ्याशी येऊन मी थांबले.

"मग पुढे?" तिने विचारलं.

"पुढे काही नाही," मी म्हटलं. "अभ्यास कर."