बिडीची सुट्टी

दत्ता गेला. बिडीनंच नेला.

सकाळपासून फोन येतायत. "अरे, वेळेत सोडायची ना मग!" म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचा.

त्यानं सोडली होती.

सत्तरच्या दशकातली आमची चिखली. आम्ही नववीत. वडिलांची बिडी चुलीवर पेटवून देता देता दत्ता स्वतःच ओढायला लागला होता. वर्गात असे बरेच. शाळेत येताना पेरूचा पाला चघळून यायचे.

पीटीचे शिंदे सर तोंडाचा नाही, बोटांचा वास घ्यायचे! पण मारायचे नाहीत. शनिवारी शाळा सुटली की बिडीवाल्या पोरांना मैदानात थांबवून खो-खो खेळवायचे.

म्हणायचे, "तलफ आली की माझ्याकडे यायचं. भर तासाला उठून या."

सरांच्या खिशात फुटाणे असायचे. दत्ताला तलफ नेमकी गणिताच्या तासाला यायची, लबाड!

पण सुटली राव. खरंच सुटली. प्रार्थनेला सगळ्या शाळेपुढे सरांनी त्याची पाठ थोपटली.

दहावीनंतर तो भोसरीला एका वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागला.

तिथे मशीन सोडायला एकच कारण चालायचं. "बिडी मारून येतो." पिणाऱ्यांना घटकाभर सावली. न पिणारा मशीनवर उभाच.

त्याचे हे हाल सरांच्या कानावर आले. मला सायकलवर डबलसीट घेऊन ते थेट गेटवर.

दत्ता म्हणाला, "सर, पाय लई दुखत्यात. बिडी पीत न्हाई म्हणलं, तर सुपरवायझर म्हनतो, मग भाईर काय काम हाय तुझं?"

सरांनी फुटाण्यांची पुडी त्याच्या हातात दिली. "फुटाणे खायला जातो म्हणून सांग त्याला."

भोळा दत्ता. त्यानं खरंच तसं सांगितलं. अख्खं वर्कशॉप हसलं. 'फुटाण्या' हे नाव कायमचं चिकटलं.

पुढच्या वेळी गेलो, तर दत्ता गेटबाहेर झाडाखाली. हातात बिडी. सरांना बघूनही त्यानं ती विझवली नाही.

"बसाया मिळतं, सर," एवढंच म्हणाला.

सर सायकल हातात धरून चालत निघाले. शनिवारचा खो-खो त्यांनी स्वतःच बंद केला. आम्ही कितीदा विचारलं, पण नाही म्हणजे नाही.

अजून राग येतो मला. कुणावर काढू?

परवा हॉस्पिटलात भेटलो. नाकाला नळी. आडवं झालं की श्वास कोंडायचा, म्हणून दिवसरात्र उशीला टेकून बसलेला.

मला म्हणाला, "आता नुसतं बसूनच हाय बघ."

हसायला गेला आणि खोकत राहिला.

दत्ता, मित्रा, निरोप.

आता आडवा हो. निवांत पड.