पायाळूची कंबर

"मार ना भाऊ, जोरानं मार! देवाले नमस्कार करून राह्यला काय?"

शेजारी माझ्या ओसरीत पालथा पडून ओरडत होता. त्याच्या कंबरेत उसण भरली होती आणि मी पायाळू. म्हणजे जन्माला येताना डोक्याआधी पाय बाहेर काढलेला माणूस. अशाची लाथ बसली की उसण पळते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या उजव्या पायाची कीर्ती आरमोरीच्या बाजारापासून एटापल्लीच्या जंगलापर्यंत होती. एका तेंदूपत्त्याच्या कंत्राटदाराची तर एका लाथेत उसणही गेली आणि तोतरेपणाही. त्याची बायको अजून मला शिव्या घालते.

तर मी पाय उचलला आणि माझ्याच कंबरेतून वीज निघाली. मांडीमागून पोटरीत, पोटरीतून थेट अंगठ्यात. मी धाडकन शेजाऱ्यावर कोसळलो. तो ताडकन उठला. "गेली! माझी उसण गेली!" मी तिथेच आडवा. गावानं ठरवून टाकलं, त्याची उसण माझ्यात शिरली.

पायाळूलाच उसण भरली तर लाथ कुणी मारायची? स्वतःचा पाय स्वतःच्या कंबरेला लावून पाहिला. एवढंच सांगतो की तो सोडवायला दोन माणसं लागली. शेवटी तळ्यावरची मासे विकणारी बाई आली. तीही पायाळू. गुण कुणाच्या पायात जास्त, यावरून आमचं जुनं वाकडं होतं. ते सगळं तिनं एका लाथेत काढलं.

"लागलं काय, भाऊ?"

"नाई, बाई."

दुसऱ्या दिवशी माझ्या त्याच उजव्या पायाचा अंगठा वर उचलेना. चप्पल रस्त्यात गळून पडायची आणि मी तसाच पुढे जायचो. दुखण्याचं काही नव्हतं. पण हा पाय गेला तर गावात मी नुसता माणूस उरणार होतो.

बायकोनं मला चंद्रपूरला नेलं. एमआरआयच्या नळीत असा आवाज, की कोळसा खाणीतले सगळे डंपर माझ्या पाठीतून चाललेत. डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला.

"मणके एकावर एक रचलेले असतात. तुमचा एक खालच्यावरून पुढे सरकलाय."

"छपरावरचं कवेलू सरकते तसं?" बायकोनं विचारलं.

"तसंच. कवेलू सरकलं की पाणी गळतं. इथं पायाची नस दबली."

"लाथेनं सरकला, साहेब?"

"नाही. वर्षानुवर्षं हळूहळू सरकला असणार. लाथेनं नस आणखी चिडली." मग ते बायकोकडेच बघून सांगू लागले. ओझं उचलायचं नाही, गोळ्या घ्यायच्या, व्यायाम करायचा. पायाची ताकद आणखी गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर त्याच दिवशी यायचं. मग ऑपरेशन.

व्यायाम म्हणजे उताणं पडून, गुडघे वाकवून, पोट आत ओढायचं. काहीच न करता माणसाला घाम फुटतो, असा व्यायाम मी दुसरा पाहिला नाही. बायको शेजारी अंबाडीची भाजी निवडत पहारा द्यायची.

"पोट आत! आन् श्वास सोडा जी, मरून राह्यले काय?"

उरलेला वेळ मी अंगठ्याकडे बघत बसायचो. तो जागचा हलायचा नाही. कैक आठवड्यांनी एका सकाळी तो तसूभर वर आला. मी अशी आरोळी ठोकली, की अहेरीच्या बाजारात कोंबड्या उडाल्या असतील. बायको म्हणाली, "पोट सुटलं. परत करा."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी अंगठ्यावर बोट दाबलं. "वर ओढा."

मी ओढला. माझ्या अंदाजानं डॉक्टर खुर्चीसकट वीतभर वर गेले. ते म्हणाले, "बरं आहे. सध्या ऑपरेशन नको. व्यायाम सोडू नका."

"साहेब, खरं सांगा. लाथ मारण्याइतकी ताकद आली काय या पायात?"

"आली," ते म्हणाले. "मारू नका."