मंगळवारचा वास

कान्जी मोरिवाकीच्या गॅरेजमधून पेट्रोलचा वास यायचा तो फक्त मंगळवारी. हे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं. येणारच. माझं केस कापायचं दुकान त्यांच्या घरासमोर, मध्ये एवढीशी गल्ली. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं, गळ्याभोवती फडकं बांधलं, की पहिला प्रश्न, "हात्सुएसान, कसला वास येतोय?" बुधवारी कमी. शनिवारपर्यंत काहीच नाही. मंगळवारी पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

सोमवारी येत असेल तर मला माहीत नाही. सोमवारी आमच्याकडे सगळ्याच न्हाव्यांची दुकानं बंद. मी पडदा ओढते आणि दुपारपर्यंत झोपते. आठवडाभर उभं राहून पायांचे तुकडे पडतात, आणखी काय करणार.

कान्जी म्हणजे आमच्या गावचा बस ड्रायव्हर. डोंगरातल्या ओन्सेनकडे, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांकडे जाणारी बस आयुष्यभर त्यानेच चालवली. पांढरे हातमोजे, प्रत्येक वळणावर बोट दाखवून "उजवीकडे ठीक, डावीकडे ठीक" असं मोठ्याने म्हणायचं, मगच गाडी हलवायची. एखाद्या म्हातारीचं गाठोडं जड असलं तर उतरून दारापर्यंत पोचवून यायचा. बाहेर देवमाणूस. घरात मात्र त्याचा सगळा जीव त्या एका गाडीत. साय रंगाची, दोन दारांची, जवान असताना घेतलेली. तिच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला मी तरी पाहिला नव्हता. बायकोचाही नाही. तोमिएकडे लग्नाआधीपासून लायसन्स होतं, दर वेळी निमूटपणे नवं करून आणायची आणि पुन्हा पर्समध्ये ठेवायची.

मागच्या हिवाळ्यात कान्जीने टपालपेटीला गाडी घासली. ओसाकाहून लेक आली, रडली, भांडली, आणि बापाला पोलीस चौकीत नेऊन लायसन्स परत करायला लावलं. बदल्यात त्याला बसच्या सवलतीचं कार्ड मिळालं. वसंतात बसच बंद झाली. कार्ड अजून त्याच्या पाकिटात आहे, विचारलं तर दाखवतो.

गाडी तेवढी राहिली होती. दर रविवारी हातमोजे घालून तो ती जागच्या जागी सुरू करायचा, थोडा वेळ डोळे मिटून बसायचा, बंद करायचा. आणि आता हा वास. आमची लाकडी घरं एकमेकांना चिकटलेली, घरोघरी रॉकेलचे स्टोव्ह. मी गल्लीच्या प्रमुखाला सांगितलं, त्याने लेकीला फोन केला. लेकीने बापाला स्पष्ट सांगितलं: महिनाअखेर गाडीला ओसाकाचं एक गिऱ्हाईक येतंय. तोवर वास कुठून येतो ते सापडलं नाही, तर गाडी जाणार.

दुसऱ्याच दिवशी कान्जी दुकानात आला.

"तू चुगली केलीस."

"केली. भाजून मरायची हौस नाही मला."

"तुझ्या दुकानातल्या रंगांचा वास असेल. बायकांच्या डोक्याला काय काय फासतेस."

"माझ्या रंगाला पेट्रोलसारखा वास असता तर माझं दुकान चाललं असतं होय?"

तो गेला आणि तपासाला लागला. स्वच्छ पांढरा हातमोजा घालायचा, एकेका जोडावरून बोट फिरवायचं, नाकाशी न्यायचं. कार्बोरेटर, पंप, खालच्या नळ्या, सगळं झालं. रविवारची अख्खी दुपार गाडीखाली पालथा. हातमोज्यावर धूळ आली, पेट्रोलचा टिपूस नाही. तोमिए चहा घेऊन आली, पेला खाली ठेवला आणि आत गेली.

"अहो, वास मंगळवारी येतो तर मंगळवारी शोधा," मी म्हटलं.

तोवर माझ्या मनात पाल चुकचुकली होती. आठवड्यातल्या एकाच दिवशी कुठली नळी गळते? गाडी कुठेतरी जाऊन येत असणार. आणि जाणार कोण? हाच. लायसन्स नाही, पण खाज आहे. मी रविवारी संध्याकाळी दुकानात पडलेला एक लांब केस चिकट पोमेड लावून गॅरेजच्या दाराला आडवा चिकटवला. मंगळवारी सकाळी, कान्जीने दार उघडायच्या आधीच, पाहते तर केस तुटलेला.

थोड्या वेळाने कान्जीने मला गॅरेजमध्ये हाक मारली. डिकीतला गालिचा उचललेला. तिथेच टाकी असते, आणि टाकीच्या माथ्यावर, पेट्रोल दाखवणाऱ्या काट्याची तार आत जाते तिथे, एक रबराची गोल चकती. त्याच्या हातमोज्याचं बोट ओलं होतं.

"चकती वाळलीय. टाकी काठोकाठ भरली आणि वळणावर कलली, की इथून बाहेर येतं. अर्धी असली तर येत नाही."

"मग? सापडलं की. लेकीला फोन करा."

तो हलेना. त्याने टाकीचं झाकण काढून मला आत बघायला लावलं. पेट्रोल गळ्यापर्यंत.

"मी अर्धी ठेवून बंद केली होती. काटा भरलेला दाखवायचा, मला वाटायचं जुना काटा, अडकला असेल. इतके महिने गळतंय तर कमी व्हायला हवं ना? कोण भरतंय?"

"तुम्हीच," मी म्हटलं, आणि केसाचं सांगून टाकलं. "सोमवारी चोरून चालवता तुम्ही. या वयात लाज नाही वाटत?"

त्याचा चेहरा असा पडला की मला शब्द गिळावेसे वाटले. "सोमवारी मी दिवसभर मैदानावर म्हाताऱ्यांबरोबर गेटबॉल खेळत असतो. कुणालाही विचार," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं. खरं होतं.

मग राहिला चोर. पण गाडी चोरून नेऊन परत आणून ठेवणारा, वर टाकी भरणारा चोर मी कधी ऐकला नव्हता. कान्जीला गाडी दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकचा संशय, मला पेपर टाकणाऱ्याचा. तोमिएला आम्ही मुद्दाम काही सांगितलं नाही, उगाच घाबरेल म्हणून.

सोमवारी कान्जी गेटबॉलची काठी घेऊन घरातून निघाला आणि मागच्या दाराने माझ्या दुकानात आला. पडद्याच्या फटीशी आम्ही दोघं. थोड्या वेळाने गॅरेजचं दार वर गेलं.

तोमिए. हातात त्याचेच जुने पांढरे हातमोजे. गाडीत बसली, बोट दाखवून काहीतरी म्हणाली, काचेतून ऐकू आलं नाही, पण ओठ वाचता आले. उजवीकडे ठीक. डावीकडे ठीक. मग सावकाश गाडी गल्लीत घेतली आणि कोपऱ्यावरून गेली. माझ्या झोपेचा दिवस तिने बरोबर निवडला होता, बया.

मला वाटलं आता हा ओरडत धावणार. तो कान देऊन उभा होता.

"दुसरा गिअर नीट पडला," तो म्हणाला.

ती परतेपर्यंत तो माझ्या गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसून राहिला. मी दिलेला चहा तसाच गार झाला. गाडी आत गेली तेव्हा तो गल्ली ओलांडून गेला. मीही गेले, घरी बसणारी बाई नाही मी.

तोमिए हातमोज्यांची घडी घालत होती. आम्हाला पाहून दचकली, पण घडी पूर्ण केली.

"कुठे गेली होतीस?"

"ताईकडे." तिची थोरली बहीण ओन्सेनच्या वरच्या वृद्धाश्रमात आहे. "बस बंद झाल्यापासून दर सोमवारी जाते. ती आता मला सोडून कुणाला ओळखत नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर दिली असती?"

गावभरच्या म्हाताऱ्यांना त्यानेच त्या डोंगरावर नेऊन पोचवलं होतं. बस बंद झाल्यावर बायको बहिणीकडे कशी जाते हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. मीही नाही.

शेवटी तो हळूच म्हणाला, "पण टाकी काठोकाठ कशाला भरायचीस?"

तोमिएने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. "अहो, दुसऱ्याची गाडी नेली तर भरून नको द्यायला?"

टोमणा नव्हता त्यात. आमच्याकडे कुणाचीही गाडी उसनी नेली की टाकी भरून परत करतात, तिने तेच केलं होतं. स्वतःच्या घरातल्या गाडीला. मला तिथे थांबवेना, मी डोळे पुसत परत आले आणि नवऱ्यांच्या जातीला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या.

चकती कान्जीने स्वतः बदलली. संध्याकाळी त्याने लेकीला फोन लावला, माझ्यासमोर. वास सापडला, गाडी विकायची नाही. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असणार, कारण तो म्हणाला, "जिची आहे ती चालवेल."

आता सोमवारी तो डाव्या सीटवर बसतो. पट्टा कुठे अडकवायचा हे तीच त्याला दाखवते.

परवा मी तोमिएबरोबर बाजारात गेले. सहज काट्याकडे लक्ष गेलं, तो तळाशी टेकायला आलेला.

"अगं, पेट्रोल संपत आलंय."

"हो का?" ती म्हणाली. "भरू सावकाश. घरचीच तर आहे."